१९७८-७९ : लिव्हरपूल मोठा की फॉरेस्ट? आणि मुळात संघाचं मोठेपण मोजायचं कशाने?

टचलाइनवरून

'सर्वकालीन महान दहा संघ' छापाची यादी कुठेही उघडा, निम्मे लोक चषकांची बेरीज करून मोकळे झालेले असतात. त्यात क्लब आणि संघ यांची सरसकट सरमिसळ होते. क्लब शंभर-सव्वाशे वर्षं चालतो. संघ म्हणजे पंधरा-सोळा माणसं, एक मॅनेजर आणि फार तर तीन-चार हंगाम. त्यापलीकडे नाव आणि जर्सी तीच राहते, आतली माणसं वेगळी असतात. त्यामुळे 'रेआल माद्रिद महान' या वाक्याला मी उत्तरच देत नाही. कुठलं माद्रिद? १९५६ ते १९६० सलग पाच युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) घेणारं डी स्टेफानोचं, की २०१६ ते २०१८ सलग तीन घेणारं झिदानचं?

गप्पा हवेत जाऊ नयेत म्हणून एकच हंगाम घेऊ. १९७८-७९, इंग्लंड.

लिव्हरपूल : ४२ सामन्यांत ३० विजय, ८ बरोबरी, ४ पराभव. ८५ गोल केले, १६ खाल्ले. घरच्या मैदानावर अख्ख्या हंगामात फक्त ४ गोल खाल्ले. पूर्ण लीग पंधरा खेळाडूंत काढली. आधीची दोन वर्षं युरोपियन कप त्यांच्याकडेच होता.

नॉटिंगहॅम फॉरेस्ट : लीगमध्ये लिव्हरपूलच्या आठ गुण मागे, दुसरे. पण युरोपियन कप त्यांनी जिंकला, आणि पहिल्याच फेरीत बाहेर कोणाला काढलं, तर याच लिव्हरपूलला. घरी २-०, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर ०-०.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पराक्रम फॉरेस्टचा मोठा, संघ लिव्हरपूलचा मोठा. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत. सुरू करा काथ्याकूट.

डावखुरा

घ्या, पहिल्याच पोस्टमध्ये पळवाट. समोरासमोर १८० मिनिटं खेळले, एकाने दोन गोल केले, दुसऱ्याने शून्य. विषय संपला.

टचलाइनवरून

@डावखुरा, विषय डिसेंबरपर्यंत तरी चालू ठेवा. फॉरेस्ट तेव्हा लीगमध्ये सलग ४२ सामने अपराजित होते, म्हणजे एका पूर्ण हंगामाइतके. ती मालिका तोडली कोणी? लिव्हरपूलने, अ‍ॅनफिल्डवर, २-०. समोरासमोरचाच हिशोब करायचा तर तोही धरा.

जुनी जर्सी

या हंगामातल्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मला कायम गंमत वाटते. २ सप्टेंबरला लिव्हरपूलने टॉटनहॅमला ७-० हरवलं. टॉटनहॅमने नुकतेच अर्जेंटिनाच्या विश्वविजेत्या संघातले आर्दिलेस आणि व्हिया आणले होते, दोघंही त्या दिवशी मैदानात होते. सातवा गोल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी शोधून पाहा. टॉटनहॅमचा कॉर्नर. चेंडू लिव्हरपूलच्या पेनल्टी क्षेत्रातून बाहेर येतो, डॅल्ग्लिश, मग जॉन्सन, जॉन्सनचा डावीकडे लांब तिरका पास, हायवे न थांबवता पहिल्याच स्पर्शात क्रॉस टाकतो आणि मॅक्डरमॉट हेडर मारतो. काही सेकंदांपूर्वी हा मॅक्डरमॉट स्वतःच्याच बॉक्समध्ये उभा होता! पूर्ण मैदान पळत आलाय, आणि वाटेत कोणाचा एकही पास वाया गेलेला नाही.

आणि बरोबर अकरा दिवसांनी, १३ सप्टेंबरला, हाच संघ फॉरेस्टकडून २-० हरतो. पहिला गोल बर्टल्सचा. हा पोरगा नॉन-लीगमधून दोन हजार पौंडांत आणलेला, वरच्या पातळीवर जेमतेम खेळलेला.

यातला कुठला दिवस खरा मानायचा? मला तरी दोन्ही खरे वाटतात, आणि म्हणून टचलाइन यांची पराक्रम आणि संघ ही फोड पटते.

आकडेमोड्या

फक्त आकड्यांपुरतं बोलतो. तेव्हा विजयाला दोन गुण होते, इंग्लंडमध्ये तीन गुण १९८१ पासून आले. लिव्हरपूलचे त्या हंगामातले ६८ गुण आजच्या पद्धतीने ९८ होतात, १२६ पैकी. म्हणजे सुमारे ७८ टक्के. आर्सेनलचा २००३-०४ चा अपराजित हंगाम ३८ सामन्यांत ९० गुणांचा, ११४ पैकी, म्हणजे ७९ टक्के. मँचेस्टर सिटी २०१७-१८, १०० गुण, जवळपास ८८ टक्के.

आता कोणी म्हणेल, झालं, सिटी सगळ्यात मोठी. थांबा. २०१८-१९ मध्ये क्लॉपचं लिव्हरपूल ९७ गुण घेऊन, हंगामात एकच सामना हरून, दुसरं आलं. १९९८-९९ ला फर्ग्युसनचं मँचेस्टर युनायटेड ७९ गुणांत लीग जिंकलं, आणि लीग, एफए कप, युरोप असे तिन्ही चषक घेऊन गेलं. वीस वर्षांत माणसं वीस टक्क्यांनी सुधारली असं नाही. वरच्या आणि खालच्या संघांतली पैशांची दरी रुंदावली, त्यामुळे वरचे जास्त सामने जिंकायला लागले. म्हणून वेगवेगळ्या काळातले नुसते गुण शेजारी ठेवणं फोल आहे. ठेवायचंच असेल तर त्या संघात आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या-तिसऱ्या संघात अंतर किती होतं ते ठेवा.

रात्रीचा सामना

एलो रेटिंग वापरा की मग. बुद्धिबळासारखं. कशाला एवढी हाणामारी.

आकडेमोड्या

@रात्रीचा सामना, एलो चांगलंच आहे, पण ते काय करतं ते बघा. सामन्याआधी दोघांच्या रेटिंगवरून अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्षात त्याहून चांगलं केलं तर गुण वर, वाईट केलं तर खाली. दुबळ्याला हरवून फारसं काही मिळत नाही, हा त्याचा गुण. मेख अशी, की ते फक्त एकमेकांशी खेळणाऱ्यांचीच तुलना करू शकतं. १९७८ चा संघ आणि २०१८ चा संघ एकमेकांशी खेळणार नाहीत. दोघांचं रेटिंग सारखं आलं, तर दोघं आपापल्या गर्दीच्या सारखेच वर होते एवढंच कळतं. आणि १९५५ ला युरोपियन कप सुरू होण्याआधी वेगवेगळ्या देशांतल्या क्लबांचे सामनेच इतके तुरळक, की इटलीची गर्दी इंग्लंडच्या गर्दीपेक्षा उंच होती की बुटकी हे त्या आकड्यातून नीट निघतच नाही.

जुनी जर्सी

इटलीचा विषय निघालाच आहे तर तोरिनो. चषक मोजणाऱ्यांच्या यादीत हा संघ कधीच वर येत नाही, कारण मोजायला युरोपातला एकही चषक नाही. स्पर्धाच नव्हती! महायुद्धामुळे पडलेला खंड सोडला तर १९४३ ते १९४९ सलग पाच इटालियन विजेतेपदं. घरच्या मैदानावर सहा वर्षं लीगमध्ये हरले नाहीत. ११ मे १९४७ ला इटली हंगेरीशी खेळली तेव्हा अकरातले दहा तोरिनोचे, फक्त गोलकीपर युव्हेंटसचा. राष्ट्रीय संघाचे दहा जण एकाच क्लबचे, याहून मोठं प्रशस्तिपत्रक काय असू शकतं मला माहीत नाही. ४ मे १९४९ ला लिस्बनहून परतताना विमान सुपर्गाच्या टेकडीवर आदळलं. ३१ जण गेले, त्यात १८ खेळाडू.

कुणी हळहळ म्हणून त्यांना मोठं म्हणतंय असं समजू नका. अपघाताच्या आधीच ते मोठे होते.

डावखुरा

तोरिनोला मान. पण टचलाइन, तुमच्या निकषाने फॉरेस्टवर अन्याय होतो तो होतोच. १९७७ ला दुसऱ्या डिव्हिजनमधून तिसऱ्या क्रमांकाने वर आलेला संघ. १९७८ ला लीग जिंकतो. १९७९ आणि १९८० ला युरोप जिंकतो. आजतागायत त्यांच्याकडे लीग एक आणि युरोपियन कप दोन. असा दुसरा क्लब दाखवा. आणि ही काही चिठ्ठी टाकून जिंकलेली स्पर्धा नाही. उपांत्य फेरीत घरी कोलोनशी ३-३, सगळ्यांनी माती लोटली होती त्यांच्यावर, तिथे जाऊन १-० जिंकून आले. अंतिम सामन्यात ट्रेव्हर फ्रान्सिस, ब्रिटनचा पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू, त्याला नियमामुळे आधीच्या फेऱ्या खेळताच आल्या नव्हत्या. युरोपातला त्याचा पहिलाच सामना म्हणजे फायनल, आणि एकमेव गोल त्याचा.

टचलाइनवरून

हे सगळं मान्यच आहे, आणि हेच तर मी 'पराक्रम' म्हणतोय. कुठून निघाले आणि कुठे पोचले, ते अंतर. त्या मापाने फॉरेस्टच्या जवळपास फक्त दोन-तीन नावं येतील. १९६७ चं सेल्टिक, ज्यांचे सगळे खेळाडू क्लबच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले, आणि इटलीच्या इंटरसारख्या पोलादी संघाला लिस्बनमध्ये २-१ हरवून आले. २०१६ ला लीग जिंकलेलं लेस्टर, ८१ गुण.

पण लेस्टरला कोणी थोर संघ म्हणेल का? पुढच्या वर्षी त्याच मॅनेजरला हंगाम संपायच्या आत काढलं. पराक्रम अजोड, संघ म्हणून चांगला, बस. मी संघाला वेगळा प्रश्न विचारतो : विरोधकाने तुमच्याविरुद्ध सामना कसाही खेळून पाहिला तरी तुम्ही पुरून उरता का? पाऊस, चिखल, प्रतिस्पर्धी दहा जण मागे, प्रतिस्पर्धी धसमुसळा, तुमचा मुख्य खेळाडू जखमी. लीगच्या ४२ सामन्यांत हे सगळं एकदा तरी येतंच. युरोपियन कप तेव्हा नऊ सामन्यांत जिंकता यायचा. चार फेऱ्या दोन-दोन सामन्यांच्या आणि फायनल. पॅरिस सेंट-जर्मेनने २०२५ ला तोच चषक १७ सामने खेळून घेतला. नऊ सामन्यांत नशिबाला जेवढी जागा असते तेवढी बेचाळीसमध्ये नसते.

राखीव गोली

नशिबावरून मॅनेजर साक्कीचं मिलान आठवलं. तो संघ सगळ्यांच्या पहिल्या तीनात असतो, माझ्याही. पण नोव्हेंबर १९८८ मध्ये बेलग्रेडला काय झालं ते यादीवाले सांगत नाहीत. पहिला सामना मिलानमध्ये १-१. परतीच्या सामन्यात रेड स्टार १-० पुढे, मिलानचा व्हिर्दिस लाल कार्ड घेऊन बाहेर, आणि दुसऱ्या हाफमध्ये मैदानावर असं धुकं उतरलं की चेंडू दिसेना. रेफरीने सामना थांबवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ०-० पासून. १-१, आणि मिलान पेनल्टीवर पुढे. त्याच स्पर्धेत मग उपांत्य फेरीत माद्रिदला ५-०, फायनलमध्ये स्टेआउआला ४-०.

धुकं अर्धा तास उशिरा आलं असतं तर आज साक्कीची गोष्टच वेगळी सांगितली असती. अर्थात संघ तोच राहिला असता. तीच बचावफळी, तोच बरेसी.

डावखुरा

आणि तुमच्या लीगच्या निकषाने हेच मिलान बाद होतं, टचलाइन! साक्कीच्या चार वर्षांत लीग एकच, १९८८. त्यानंतर तिसरे, दुसरे, दुसरे. बघा जरा.

टचलाइनवरून

बाद होत नाही, खाली येतं. त्या काळची इटालियन लीग म्हणजे नापोलीत मॅराडोना, इंटरमध्ये मॅटेयस. तिथे दुसरं येणं इतर ठिकाणी पहिलं येण्याहून अवघड होतं. उलट मिलानच्या दोन युरोपियन चषकांवर एक तारांकन आहे. हायसेल स्टेडियमवरच्या दुर्घटनेनंतर १९८५ ते १९९० इंग्लिश क्लबांवर बंदी होती. म्हणजे डॅल्ग्लिशच्या हाताखालचं, बार्न्स-बिअर्डस्लीचं लिव्हरपूल त्यांच्यासमोर आलंच नाही. कदाचित हरलंही असतं. पण आलं नाही.

राखीव गोली

मिलानचं मोठेपण चषकांत शोधताय हाच घोळ आहे. ते प्रॅक्टिसमध्ये शोधा. साक्की स्वतः सांगत असे तो प्रसंग : व्हॅन बास्टन, गुलिट वगैरे मंडळींना पद्धतीपेक्षा कौशल्य मोठं वाटायचं. त्याने गोलकीपर आणि चौघांची बचावफळी एवढे पाच जण एका बाजूला ठेवले, दुसऱ्या बाजूला दहा जण, व्हॅन बास्टन, गुलिट, रायकार्ड धरून. पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा. अट एकच, चेंडू गेला की पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात. एकही गोल झाला नाही. टासोटी, बरेसी, कोस्टाकुर्टा, माल्दिनी. हे चौघं एका दोरीला बांधल्यासारखे पुढे-मागे सरकायचे, आणि अख्खा संघ शेवटच्या बचावपटूपासून पहिल्या स्ट्रायकरपर्यंत पंचवीस-तीस मीटरमध्ये बसलेला.

आता नियमाची बाजू पाहा. पास सुटताना स्ट्रायकर बचावफळीच्या पुढे असेल तर तो ऑफसाइड, म्हणजे खेळ थांबतो; तेव्हा बचावफळीच्या 'समान रेषेत' असलेला स्ट्रायकरही ऑफसाइड धरला जायचा. तो नियम १९९० मध्ये बदलला. शिवाय खेळात भाग न घेणाऱ्याला आज जशी मोकळीक मिळते तशी तेव्हा नव्हती. चौघं एक पाऊल पुढे आले की समोरचे तीन जण एकदम ऑफसाइड. आज तोच सापळा लावला तर हंगामात वीस गोल खातील. म्हणून मिलान लहान होतं का? नाही, ते ज्या नियमात खेळले त्याचा शेवटचा थेंब काढून घेतला. आजच्या नियमात त्यांनी दुसरं काहीतरी केलं असतं.

आकडेमोड्या

अगदी हेच लिव्हरपूललाही लागू आहे. तो १६ गोलांचा आकडा बघताना लक्षात ठेवा की तेव्हा बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने मागे दिलेला पास, गोलकीपरला हाताने उचलता यायचा. आघाडी घेतली की चेंडू मागे गोलकीपर क्लेमन्सकडे, त्याने उचलायचा, पुन्हा फुलबॅकला द्यायचा, पुन्हा मागे. १९९२ ला हे बंद झालं. मोरिन्होच्या चेल्सीने २००४-०५ ला ३८ सामन्यांत १५ खाल्ले ते या सोयीशिवाय. प्रति सामना लिव्हरपूल अजूनही किंचित पुढे आहे, पण सोय धरली तर मी चेल्सीच्या बचावाला वर ठेवेन.

(चेल्सी आवडत नाही, तरी सांगतोय.)

फुलबॅक ताई

इतका वेळ वाचतेय, लियॉनचं नाव कोणी घेईल म्हणून. महिला चॅम्पियन्स लीग २०१६ ते २०२० सलग पाच. फ्रेंच लीग २००७ ते २०२० सलग चौदा. टचलाइन यांचा 'चार हंगाम, तीच माणसं' हा निकषही बसतो. रनार, ल सोमेर, आंरी, हेगरबर्ग हा कणा जवळपास तोच.

कोणी म्हणेल की समोर तगडं कोणी नव्हतं. २०१९ ची फायनल बघा, बार्सिलोनाविरुद्ध ४-१, हेगरबर्गची हॅटट्रिक पहिल्या अर्ध्या तासात झालेली. बार्सिलोनाला त्या दिवशी कळलं की आपण कुठे आहोत. दोन वर्षांनी तेच बार्सिलोना चेल्सीला ४-० हरवून विजेते. मोठ्या संघाने समोरच्यांना वर खेचलं का, हा निकष तुमच्यापैकी एकानेही मांडला नाही अजून.

टचलाइनवरून

@फुलबॅक ताई, चांगला निकष आहे, आणि लियॉन माझ्या पहिल्या पाचात आहे. एक शंका मात्र. समोरच्यांना वर खेचलं हे खेळामुळे की बाकीच्या क्लबांनी उशिरा का होईना पैसे घातले म्हणून?

फुलबॅक ताई

पैसे तरी का घातले? लियॉनचा संघ बघूनच ना.

रात्रीचा सामना

पैशांवरून : मँचेस्टर सिटीचं काय करायचं? २०२३ चे तीन चषक. पण फेब्रुवारी २०२३ मध्येच लीगने क्लबवर आर्थिक नियमांबाबत शंभराहून अधिक आरोप ठेवले. क्लबने ते नाकारलेत. माझं म्हणणं, हा कागद बाजूला ठेवून नुसता खेळ बघावा. रॉड्री, डी ब्रॉयना, बर्नार्दो यांच्या पायांनी काही हिशोब लिहिला नव्हता.

डावखुरा

खेळ बघावा हे ठीक, पण तो खेळ विकत कसा आला हे नको? म्हणूनच मला २०११ चं बार्सिलोना वर वाटतं. वेम्बलीच्या फायनलला सुरुवातीच्या अकरात व्हाल्देस, पिके, बुस्केट्स, चावी, इनिएस्टा, पेद्रो, मेसी असे सात जण त्यांच्याच अकादमीतून घडलेले. युनायटेडला ३-१. आणि २०१० च्या नोव्हेंबरात माद्रिदला ५-०, मोरिन्हो समोरच्या बाकावर.

आकडेमोड्या

घरचे असल्याने गुण जास्त द्यायचे? बुस्केट्स बाहेरून आणला असता तर पास कमी अचूक गेला असता का?

डावखुरा

पास तेवढाच अचूक. संघ म्हणून मोलाचं जास्त.

राखीव गोली

सगळी चर्चा युरोपात अडकलीय, थोडं पलीकडे जा. ब्राझीलचं सांतोस! १९६२ ला युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधल्या इंटरकॉन्टिनेंटल कपात लिस्बनमध्ये बेनफिकाच्या मैदानावर ५-२, पेलेची हॅटट्रिक. बेनफिका म्हणजे तेव्हाचे दोन वर्षांचे युरोपियन विजेते. पुढच्या वर्षी त्याच कपात मिलानला हरवलं. मग मात्र क्लबने जगभर मैत्रीपूर्ण सामने खेळून पैसे कमवायचं ठरवलं आणि लिबर्टाडोरेसला (दक्षिण अमेरिकेचा क्लब चषक) दुय्यम मानलं. त्यामुळे चषकांच्या कॉलममध्ये सांतोस दोनवर थांबलेले दिसतात. बेरीज करणाऱ्यांनो, हे कुठल्या कॉलममध्ये टाकणार?

जुनी जर्सी

पुन्हा मूळ प्रश्नावर येतो, कारण टचलाइन यांच्या युक्तिवादात एक भोक आहे आणि अजून कोणी बोट ठेवलं नाही. 'नऊ सामन्यांत नशीब' हे एका वर्षासाठी चालतं. पण १९७९-८० ला लिव्हरपूल पुन्हा पहिल्याच फेरीत बाहेर! डिनामो त्बिलिसीकडून. घरी २-१, तिकडे ०-३. त्बिलिसीला पुढच्या फेरीत हॅम्बुर्गने दोन्ही सामन्यांत हरवलं. हॅम्बुर्गने उपांत्य फेरीत घरी माद्रिदला ५-१ हरवलं. आणि फायनलला हॅम्बुर्गला, कीगन असताना, कोणी हरवलं? फॉरेस्टने. रॉबर्टसनचा गोल आणि मागे गोलकीपर शिल्टनची भिंत. सलग दोन वर्षं नशीब एकाच बाजूला?

टचलाइनवरून

हे वर्मावर आहे, नाकारत नाही. पण त्याच १९७९-८० ला लीग पुन्हा लिव्हरपूलची, फॉरेस्ट पाचवे. आणि साखळीच लावायची तर पुढचं वर्ष का सोडलं? १९८०-८१ ला गतविजेते फॉरेस्ट पहिल्या फेरीत सीएसकेए सोफियाकडून दोन्ही सामने १-० हरून बाहेर. त्याच सोफियाला उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूलने ५-१ आणि १-० हरवलं, सूनेसची हॅटट्रिक. मग बायर्न, मग पॅरिसच्या फायनलला माद्रिद १-०.

जुनी जर्सी

ते १९८१. तुम्हीच म्हणालात ना, चार हंगाम आणि तीच माणसं? एमलिन ह्यूज तोवर गेलेला, फायनलचा गोल अ‍ॅलन केनेडीचा, आणि पाठोपाठ रश, हॅन्सन, लॉरेन्सनचं लिव्हरपूल. तुमचाच निकष, तुमचाच संघ बाहेर.

टचलाइनवरून

क्लेमन्स, नील, थॉम्पसन, हॅन्सन, सूनेस, मॅक्डरमॉट, रे केनेडी, डॅल्ग्लिश. १९७९ आणि १९८१, दोन्हीकडे. अ‍ॅलन केनेडीसुद्धा १९७८ च्या ऑगस्टमध्येच आलाय. नऊ झाले. फॉरेस्टच्या १९७९ च्या फायनलमधले किती जण सोफियाविरुद्ध होते ते मोजून टाका, मग बोलू.

डावखुरा

मोजतोय. तोवर कोणीतरी त्या ऑफसाइडच्या नियमावर वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.